काट्यावर न आलेला दगड

मी एक जुना वजनकाटा आहे. तांब्याच्या खाणीच्या फाटकाशी जमिनीत बसवलेला, भरलेले ट्रक अंगावर घेणारा. माझा आकडा कधी चुकला नाही, म्हणून मी जरा तोऱ्यातच असे. काट्याच्या खोलीत वजनं टिपणारी मावशी बसायची. रोज माझ्या कडेची माती झाडून म्हणायची, "चल रे बाबा, खा आता दगड."

मित्रांनो, खाणीचा सरकारी कर माझ्यावरच ठरायचा. वजन जेवढं, कर तेवढा. दगडात तांबं किती, हे कोणी विचारत नसे. मग कर एकदम दुप्पट झाला. कमी तांब्याचा दगड परवडेना, म्हणून कंपनीने तो माझ्यावर आणणंच बंद केलं. फाटकाच्या आत त्याची टेकडी झाली. बाहेर जायचा तो निवडक, जास्त तांब्याचा भारी दगड. त्यामुळे नफा टिकला, शेअर चढला आणि सगळे खूश झाले. मला मात्र रिकामपण खायला उठलं.

मावशीच्या निवृत्तीच्या दिवशी जावई तिला न्यायला आला. तिची आयुष्यभराची पुंजी त्याच्या हवाली होती, आणि याच खाणीचे शेअर घ्यायची ऑर्डर त्याने सकाळी मोबाइलवरून टाकली होती.

"भाव जरा उतरला की आपोआप घेतले जातील, आई," तो ऐटीत म्हणाला. मग खिडकीबाहेर बघून त्याने विचारलं, "ती टेकडी कसली?"

"हलक्या प्रतीचा, कमी तांब्याचा दगड. कर वाढल्यापासून तिथंच टाकतात."

"आणि चांगला किती उरलाय?"

"संपत आला, जावईबापू. आणखी खाली जायला नवा बोगदा हवा. पैसेवाले येतात, कराचं ऐकतात, चहा पिऊन जातात. आज तर म्हणे कर पुन्हा वाढणार."

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. खोलीत रेंज नव्हती. ती फक्त माझ्या पत्र्यावर यायची. ऑर्डर रद्द करायला तो धावत माझ्यावर येऊन उभा राहिला, तेवढ्यात भरलेला ट्रक आला.

"अहो, बाजूला व्हा! मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला.

मावशी दोन्ही हात पसरून ट्रकपुढे उभी राहिली. जावई माझ्यावर उभा राहून मोबाइलवर भराभर बोटं मारत होता. माझाही जीव टांगणीला लागला होता.

"झाली का रद्द?"

"निम्मे शेअर आधीच घेतले गेले, आई."

"निम्मे पैसे वाचले ना? मग सरका आता, ट्रक खोळंबलाय." मावशी एवढंच म्हणाली. पण त्या दिवशी ती माझी माती न झाडताच गेली.

दुसऱ्या दिवशी कर पुन्हा वाढल्याची बातमी आली आणि त्या शेअरला कोणी विचारेना. पुढे भारी दगड संपला आणि खाणीला टाळं लागलं. आता मी गंजत पडलोय.

मित्रांनो, एखाद्या खाणीत पैसे घालायला निघालात, तर काट्यावरचा आकडा जरूर बघा. माझा आकडा खोटा नव्हता. पण मान वळवून फाटकाच्या आतही बघा. ती टेकडी अजून तिथंच आहे, आणि मावशीची निम्मी पुंजी तिच्याखाली आहे.