रंगाऱ्याच्या टाचेची कंडरा

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी तुटले. फट् असा आवाज झाला. शिडीवरच्या रंगाऱ्याने मागे वळून विचारले, "लाथ कोणी मारली गं?"

मागे कोणीच नव्हते. त्याची मुलगी समोरची भिंत घासत होती.

मित्रांनो, मी एक जुनी कंडरा आहे, अठ्ठावन्न वर्षांची. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी पांढरी, चिवट दोरी. आमच्या घराण्याला संयोजी ऊती म्हणतात. हाडे आमच्यातलीच. हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध, सांध्यांतली गुळगुळीत कास्थी, उशीसारखी मऊ चरबी, सगळे आमचे नातलग. रक्तही आमचेच, पण त्याचा पाय घरात ठरत नाही. माझ्याकडे तर ते क्वचितच फिरकते. म्हणून मी तुटले की फार सावकाश जुळते.

रंगारी घोडीवरून, म्हणजे दुपाखी शिडीवरून, खाली न उतरताच पुढे सरकायचा. दोन्ही बाजूंना पाय टाकून चवड्यांवर उभा राहायचा, अंग झुलवायचा, की शिडी टक टक चालू लागायची. वर पांढरे छत ढगासारखे सरकायचे. ताणता ताणता मला वाटायचे, आपण आभाळच रंगवतो आहोत. मुकादम म्हणायचा, "याचे पाय जमिनीला लागतच नाहीत." मी मोज्याआडून ऐकायचे.

शेवटचे दोन महिने मी रोज सकाळी आखडायचे. तो टाचेला फडके गुंडाळून वर चढायचा. त्या मंगळवारीही चढला.

"बाबा, उतरा ना. मी सरकवते."

"उतरायला ही काय बस आहे?"

"मग चारा तरी घाला तिला!"

तो हसला आणि झुलला.

डॉक्टरांनी माझी टोके शिवली. प्लास्टरच्या अंधारात मी आठवडेच्या आठवडे निजून होते. स्वप्नात छत सरकत राहिले. आता प्लास्टर निघाले आहे. छत मुलगी रंगवते, तो दारे. "छत सुटलं तर मी अर्धाच रंगारी," तो म्हणतो.

मित्रांनो, आमचे दुखणे हा निरोप असतो. तो फडक्यात बांधून ठेवू नका.

आज बारावा आठवडा. डॉक्टर म्हणाल्या, "त्या एकाच पायावर उभे राहा. टाच उचला."

मुलगी खाली वाकली.

"उचलली का गं?"

"हलू नका, बाबा."

तिने टाचेखाली एक कागद सरकवला. तो अर्धा आत गेला आहे.