गुणाची पोर

मंजुषाचं लग्न झालं त्या वर्षीची, म्हणजे दोन हजार तेवीसची ही गोष्ट. वैशाखात आश्रुबानं या धाकट्या लेकीला सासरी पाठवलं आणि जूनमध्ये नातीला, मैथिलीला, गावच्या शाळेत पहिलीत घातलं. लेक रंगनाथ आणि सून दोघंही पुण्यात कंपनीत. म्हणून पोरगी इथं मानवतजवळच्या गावात, आजी-आजोबांपाशी.

आश्रुबाच्या घरात एक रीत होती. मोठं माणूस समोर आलं की लेकरांनी तोंड मिटायचं. आश्रुबा त्याच्या बापापुढं कधी बोलला नाही, रंगनाथ त्याच्यापुढं बोलला नाही. आता ओसरीवर त्याचं पायताण वाजलं की मैथिली गप्प व्हायची. याचा त्याला मोठा अभिमान.

ऑगस्टात शाळेत पालकसभा भरली. हेडमास्तर दिनकरराव वही उघडून एकेकाला विचारत होते आणि लिहीत होते.

"आश्रुबा मामा, नात घरी बोलते का?"

"छ्या. तोंडातून शबूद काढत न्हाई. लय गुणाची हाय," आश्रुबा छाती काढून म्हणाला.

दिनकररावांनी लिहिलं, वही पुढं सरकवली. आश्रुबानं अंगठा उठवला, चहा घेतला आणि घरी आला.

आठ दिवसांनी पहिलीच्या धम्मशीला मॅडम दारात आल्या.

"मामा, सोमवारपासून मैथिलीला परत अंगणवाडीत बसवायचं म्हणतायत सर. वहीत लिहिलंय, मूल शाळेत बोलत नाही, घरीही बोलत नाही, समज कमी. खाली तुमचा अंगठा आहे."

आश्रुबाच्या डोक्यात सणक गेली. "समज कमी? म्या गुणाची म्हनलो, अन त्यानं येडी लिवली व्हय? मला वाचून का न्हाई दाखवलं?"

"त्यांनी वाचलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजी माझीच चूक म्हना की."

आतून त्याची बायको पार्वतीबाई बाहेर आली. हाताला पीठ तसंच होतं.

"मंग कुनाची? पोरगी दिवसभर बोलती. शेळीसंगं बोलती, चुलीसंगं बोलती, माझे तर कान किटले. तुमचं पायताण वाजलं की तिच्या तोंडाला कुलूप. अवो, मॅडम बी मोठं मानूस अन हेडमास्तर बी मोठं मानूस. तुमी शिकवलं तेच ती शाळंत करायली."

"गप बस," आश्रुबा ओरडला.

पार्वतीबाई गप्प बसली. मैथिली आधीच दाराआड गप्प होती. घरात एवढी शांतता झाली की त्याला त्या शांततेचाच राग आला.

मॅडम जायला उठल्या. "शनिवारी वर्गात या मामा. मी दर शनिवारी एका घरातलं माणूस बोलावते. हाताला जे काम येतं ते मुलांपुढं बसून करायचं. मुलं विचारतील तेवढं सांगायचं. मागच्या वेळी एका आजींनी शेवया केल्या."

"म्या काय खेळवाला हाय का, पोरांपुढं बसायला?"

"नका येऊ. मग सोमवारी अंगणवाडी."

शनिवारी तो गेला. काखेत दोर वळायचा अंबाडीचा वाख घेऊन, वाटेत दिसेल त्याच्यावर डाफरत गेला. वर्गात पोरं गोल करून बसली होती. तो मधे बसला आणि दावं वळायला लागला. पोरांनी विचारून विचारून भंडावलं. हे कशाचं, बैलाला टोचत न्हाई का, तुमाला कुनी शिकवलं. मैथिली मात्र भिंतीला टेकून स्वतःच्या पायाकडं बघत होती. दारात दिनकरराव हात मागं बांधून उभे.

"मामा, आता तुम्ही मैथिलीला काहीतरी विचारा," मॅडम म्हणाल्या.

आश्रुबाचे हात थांबले. आण, जा, बस, गप. सहा वर्षांत या पोरीला त्यानं एवढंच म्हटलं होतं. विचारलं काहीच नव्हतं. मॅडमचा राग आला, दारातल्या माणसाचा आला, पुण्यात बसलेल्या रंगनाथचाही आला. त्या सगळ्याच्या तळाला स्वतःचा राग होता, आणि तो काही केल्या गिळता येईना.

"मैथिले, म्या घरी आलो की तू का बोलत न्हाईस?"

मॅडमनी कुणाला "सांग, सांग" करू दिलं नाही. नुसतं थांबायचं, ही त्यांची पद्धत. पोरंही थांबली.

"तुमी लय वरडता," मैथिली म्हणाली. "तुमी आले की शेळी बी मुतती."

वर्ग खिदळला. आश्रुबाचा हात सवयीनं वर गेला. हातात अर्धं वळलेलं दावं होतं. त्यानं हात खाली घेतला.

"अजून सांग."

"अन दावं सैल वळायलात. आजी म्हनली, म्हाताऱ्याच्या हातात जोर ऱ्हायला न्हाई."

आश्रुबा उठून दाराकडं गेला. "ऐकलं का सर? आता लिवा. बोलती, आज्याला बी सोडत न्हाई, असं लिवा. अन वाचून दाखवा, मंग अंगठा."

"रागावू नका मामा. आम्हाला शंभर कामं असतात."

"त्या शंभरातलं एक माझी नात हाय."

दिनकररावांनी जुनी ओळ खोडली, नवी लिहिली, वाचून दाखवली. आश्रुबानं परत एकदा वाचायला लावली. सोमवारी मैथिली पहिलीतच बसली.

घरची रीत एका दिवसात गेली नाही. तो ओरडायचा, मग आठवायचं, मग स्वतःवरच चिडून बाहेर जाऊन बसायचा. पण रोज संध्याकाळी नातीला एक गोष्ट विचारायची, हे त्यानं सोडलं नाही. एकाला ती दहा सांगायची. पार्वतीबाई चुलीपुढून हसायची, "भोगा आता."

दिवाळी झाली, रंगनाथ आणि सून पुण्याला परतले. एका सकाळी आश्रुबा कापसात होता. बांधावरून मैथिली अनवाणी पळत आली, त्याच्यापुढं उभी राहिली आणि धाप लागलेली असतानाच बोलली. आजी भाकरी थापता थापता आडवी झाली, हाक मारली तर उठत न्हाई, म्या शेजारच्या विमलकाकूला बलवून बसवलंय, तवा खाली ठिवलाय, तुमी चला. सगळं नीट, एकामागं एक.

आश्रुबा ओरडला नाही. त्यानं तिचा हात धरला.

पार्वतीबाई त्याच सकाळी, चोवीस नोव्हेंबर दोन हजार तेवीसला, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी, चुलीपुढं वारली.