भांड्याचं तोंड गोड

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. मिक्सरचं डोकं फिरायलाच असतं, असं म्हणून हसू नका. बटण दाबल्यावर फिरणं वेगळं आणि रागानं फिरणं वेगळं. सगळं डोळ्यांदेखत घडतंय आणि आपल्याला सांगता येत नाही, यासारखा दुसरा ताप नाही. तो मी सोसला आहे. म्हणून आज सगळं बोलून टाकणार आहे.

कुठल्याशा कारखान्यात माझी मोटार गुंडाळली गेली, पाती बसवली गेली, आणि एका खोक्यात घालून मला कळंबच्या बाजारातल्या दुकानात मांडलं गेलं. तिथून राजपालनं मला उचललं. राजपाल ट्रॅक्टर चालवतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्या ढोकीच्या कारखान्यावर नेऊन घालतो. त्याचं नवीन लग्न झालेलं होतं आणि बायकोला, म्हणजे वृषालीला, शिलाईच्या कामातून पाट्यावर वाटत बसायला वेळ नव्हता. मला मांडीवर घेऊन तो एसटीनं गावी आला. तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. आता हळदीनं पिवळा पडलोय, ती गोष्ट वेगळी.

घरात पाऊल ठेवताच मला पहिली भेटली ती राजपालची आई, केशरबाई. खोक्यातून काढल्या काढल्या वृषाली माझ्यात मिरच्या घालायला निघाली, तर केशरबाईनं तिचा हात धरला.

"थांब गं. नव्या भांड्यात आधी तिखट घालत्यात व्हय? आधी त्याचं तोंड गोड कर."

आणि तिनं मूठभर साखर माझ्या भांड्यात टाकून मला एकदा फिरवलं. मी हरखून गेलो. वाटलं, काय माणसं आहेत! यंत्राचंसुद्धा तोंड गोड करतात!

ही साखर केशरबाईला साधी गोष्ट नव्हती. तरुणपणी तिनं ऊस तोडला. दिवसभर हाताला उसाचा चीक, आणि घरी चहा मात्र गुळाच्या खड्यावर. पुढं तिच्या नवऱ्यानं, ज्ञानोबानं, कारखान्याचा एक शेअर घेतला आणि दिवाळीला सभासदांची साखर घरी यायला लागली. ज्ञानोबा गेले, साखर येत राहिली. ती पिशवी आली की केशरबाई आधी तिला हात लावून बसायची. कुणी पास झालं, साखर. कुणी रडलं, साखर. आणि पुरण असो, लाडू असोत, गोडाचं काहीही करायचं झालं की माझ्यात आधी मूठभर साखर पडायची. "भांड्याचं तोंड गोड केलं म्हंजे आतला जिन्नस बिघडत न्हाय," असं ती स्वतःशीच पुटपुटायची. गोडात थोडं आणखी गोड पडलं तर कोण बघतंय? कुणाच्या ते कधी लक्षातही आलं नाही. मला ठाऊक होतं, पण मला विचारतं कोण!

अशी बरीच वर्षं गेली. चटण्या वाटल्या, मसाले वाटले, कौतुक ऐकलं. मग एका हिवाळ्यात राजपाल आणि वृषालीची मुलगी श्रावस्ती सारखं पाणी प्यायला लागली. बारीक होत गेली. शाळेतून आली की दप्तरासकट झोपायची. कळंबच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की हिला मधुमेह आहे, लहान मुलांना होतो तसला. आता रोज इन्सुलिनची सुई, रोज बोट टोचून साखर मोजणं.

त्या दिवशी वृषालीनं घरातला साखरेचा डबा रिकामा करून शेजारी देऊन टाकला. सगळ्यांचा चहा बिनसाखरेचा झाला. केशरबाई तो चहा काढा घेतल्यासारखा घ्यायची.

श्रावस्ती शहाणी पोर. सुया घ्यायची, रडायची नाही. फक्त एकदा शाळेत कुणाच्या तरी वाढदिवसाची चॉकलेटं वाटली, तेव्हा तिनं आपलं चॉकलेट घरी आणलं आणि आईच्या हातात ठेवलं. "तूच ठिव. माझ्यापाशी ऱ्हायलं तर खावं वाटंल," म्हणाली. वृषाली शिलाई मशिनवर डोकं टेकवून किती तरी वेळ बसली होती.

मग तिनं मोबाईलवर शोधून शोधून एक चॉकलेट काढलं. त्यात साखर नाही, दूध नाही, आणि ते शिजवायचंही नाही. दुधानं श्रावस्तीच्या अंगावर पहिल्यापासून पुरळ उठायचं, त्यामुळं ते बरंच झालं. पण केशरबाईला हे सगळं समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"व्हेगन म्हंजी काय गं?"

"दूध-तूप काहीच घालायचं न्हाय, आत्या."

"मग दारात म्हस कशाला बांधलीय? अन् कच्चं म्हंजी?"

"चुलीवर चढवायचं न्हाय. कोकोबी न भाजलेल्या बियांचा हाय."

"दूध न्हाय, साखर न्हाय, चूल न्हाय! मग केलं काय म्हणायचं आपुण?"

"मिक्सर फिरवायचा," वृषाली म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी माझी छाती फुगली. जे काही व्हायचं ते माझ्याच जोरावर! वृषालीनं कुरिअरनं कोको मागवला. शेंगदाणे भिजवून सावलीत वाळवले. तीळ निवडले, कारळं निवडलं. गोडीला म्हणून मोजकेच खजूर, त्यांच्या बिया काढून. चिमूटभर मीठ, वेलची, आणि खोबऱ्याचं तेल. तेलाची बाटली बघून केशरबाई म्हणाली, "आगं, हे तर डोक्याचं त्याल!" पण हे घाण्याचं आणलेलं होतं.

प्रत्येक जिन्नस वृषाली वजन करून वेगळ्या ताटलीत ठेवायची, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं, "खाऊ देऊ नका असं मी म्हणत नाही. पण पोटात जे जाईल ते तुम्हाला माहीत पाहिजे. सुई त्याच हिशेबानं द्यायची आहे." दळायचं काम मात्र केशरबाईनं मागून घेतलं. नातीसाठी काही करावं, असं तिलाही वाटायचंच की. मी तापलो की ती मला थांबवायची, माझ्या पाठीवर हात ठेवून बघायची. मऊसर काळपट गोळा झाला की तो बर्फाच्या साच्यात थापून फ्रीजमध्ये जायचा. लाइट गेली की त्याचा चिखल व्हायचा आणि श्रावस्ती तो चमच्यानं खायची. पहिल्या घासाला तिनं डोळे मिटून घेतले. "आई, कडू हाय. पण लई भारी हाय," म्हणाली.

मला किती बरं वाटायला हवं होतं! पण तसं वाटलं नाही. कारण वृषाली ताटल्या मांडून गिऱ्हाईकाच्या हाकेला बाहेर गेली, की केशरबाई गव्हाच्या कणगीमागून एक पितळी डबी काढायची. साखर शेजारी गेली तेव्हा ही एवढी तिनं भांड्यापुरती मागं ठेवली होती. मूठभर साखर माझ्यात पडायची. मी तिचं पीठ करायचो. मग वरून शेंगदाणे, तीळ, कोको. काळ्या कोकोत पांढरं पीठ कुणाला दिसणार?

मी काय केलं नाही? खरखर आवाज काढला. जळका वास सोडला. एकदा तर मुद्दाम बंद पडलो. केशरबाईनं मला आडवं केलं, बुडाखालचं लाल बटण दाबलं आणि म्हणाली, "म्हातारा झालाय बिचारा." आणि पुन्हा चालू! संताप संताप झाला माझा. चटणीत मीठ कमी पडलं की घरभर बोंब होते. इथं लेकराच्या पोटात मूठभर साखर जातेय आणि सगळीकडं सामसूम.

श्रावस्तीची साखर वाढायला लागली. चॉकलेट खाल्लेल्या दिवशी तर यंत्रावरचा आकडा बघून वृषालीचा चेहरा उतरायचा. ती पुन्हा पुन्हा ताटल्या तोलायची. खजूर कमी केले. तरी तेच. शेवटी एका संध्याकाळी तिचा तोल गेला.

"खरं सांग श्रावस्ती, शाळेत काय खातीस?"

"काहीच न्हाय, आई."

"मग साखर आभाळातनं पडती व्हय? कुणाकडनं घेऊन खातीस?"

"आई, म्या खरंच न्हाय खाल्लं. तोंडाचा वास घे माझ्या." आणि पोरीनं आईसमोर जाऊन आ केला.

वृषालीनं मान फिरवली. "खोटं बोलणाऱ्याचा वास घेऊन काय करू?"

श्रावस्ती तशीच तोंड उघडून उभी होती. मग तिनं तोंड मिटलं. आणि केशरबाई, जिच्या हाताला माझ्या भांड्यातला वास होता, ती तिला जवळ घेऊन काय म्हणाली असेल? "खरं सांगून टाक बाळा. कुणी न्हाय मारत." अरे देवा! माझा तळतळाट झाला. प्लग लावलेला असता तर मी ओट्यावरून उडी मारली असती.

चॉकलेट बंद झालं. मी फळीवर गेलो. श्रावस्ती घरात कमी बोलायला लागली. खायला दिलं की ताट आईपुढं सरकवून "बघून घे" म्हणायची. आकडे जरा उतरले, तसा वृषालीचा संशय आणखी पक्का झाला. पोर घाबरून आता चोरून खात नाही, असं तिनं गृहीत धरलं. फळीवर बसून मी हे ऐकत होतो. धूळ खात होतो आणि चरफडत होतो.

उन्हाळा लागला, तशा घरात लाल मुंग्या निघाल्या. एरवी मला मुंग्यांचा तिटकारा. पण त्या भिंतीवरून रांगेनं चढल्या, फळीवर आल्या आणि थेट माझ्या अंगात शिरल्या. भांडं बसतं त्या खोबणीत, रबरी रिंगेच्या खाली, जिथं कुणाचं फडकं कधी पोचलं नाही तिथं जुनी साखर चिकटून राहिली होती. गुदगुल्यांनी माझा जीव जात होता. तरी मी मनात म्हणत होतो, या बायांनो, आणखी या, सगळ्या गावाला घेऊन या!

श्रावस्तीनंच रांग पाहिली. "आई, मुंग्या मिक्सरमधी चालल्यात."

वृषालीनं मला खाली उतरवलं, भांड्याची रिंग काढली. आत पांढरट थर. तिनं बोटानं तो खरवडून जिभेवर ठेवला.

"आत्या, ह्यात साखर कुठनं आली?"

केशरबाई गहू निवडत होती. "आगं, ती भांड्याची हाय."

"भांड्याची म्हंजी?"

"चाकलेट करताना तोंड गोड केलं नव्हं का त्याचं. दर टायमाला करती मी. इतकं कडू अन् काळं लेकराला द्यायचं, अन् भांड्याचं तोंडबी कोरडं ठेवायचं? जिन्नस बिघडला असता."

"किती घालत व्हता?"

"मूठभर. पर ती भांड्याची गं. पोरीच्यात म्या दाणाबी न्हाय घातला."

वृषाली रिंग हातात घेऊन खाली बसली. केशरबाई तिच्याकडं बघत राहिली, मग श्रावस्तीकडं, मग माझ्याकडं. हातातलं सूप तिनं हळूच बाजूला ठेवलं.

"म्हंजी ती पोरीच्या पोटात गेली व्हय?" तिनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "अन् म्याच तिला म्हणलं, खरं सांगून टाक." तिनं पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगू? माझा इतक्या दिवसांचा राग होता ना, तो त्या रडण्यापुढं मला पुरता काढताच आला नाही. तेही एक वैतागच.

वृषालीनं त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी मला गरम पाण्याच्या फडक्यानं पुसलं, रिंग धुतली, खोबण कापसानं साफ केली. ताटल्या मांडल्या. केशरबाईनं सवयीनं कणगीमागं हात घातला, डबी काढली आणि हातात घेऊन उभी राहिली. सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती उंबरा ओलांडून बाहेर गेली आणि लिंबाच्या बुडाशी मुंग्यांच्या वारुळापुढं मूठभर साखर घातली. "त्यांचंच तोंड गोड करावं. त्यांनीच सांगितलं म्हणून कळलं," म्हणाली. उरलेली डबी तिनं वृषालीच्या हातात दिली, तर वृषालीनं त्यातली थोडी पुडीत बांधून श्रावस्तीच्या दप्तरात ठेवली. कधी पोरीची साखर एकदम उतरली तर तीच लागते, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आता ती पुडी तपासायचं काम केशरबाईकडं आहे आणि ती रोज तपासते.

मी मात्र पाहतच राहिलो. मुंग्यांना साखर! आणि ज्यानं इतके दिवस ती पोटात धरून ठेवली, त्याला साधी शाबासकी नाही. असो.

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरातल्या जुन्या यंत्रांना नुसतं वरवर पुसू नका. रिंग काढा, खोबणी बघा, आत काय साचलंय ते बघा. आणि कुणाच्या ताटात प्रेमानं काही घालणार असाल तर खुशाल घाला, पण सांगून घाला. आम्हाला तोंड आहे, पण आम्हाला सांगता येत नाही. ज्यांना सांगता येतं, त्यांचं तरी ऐका.

त्या रविवारचं चॉकलेट चांगलंच कडू झालं होतं. दुपारी श्रावस्तीचं बोट टोचलं, आणि आकडा डॉक्टरांनी सांगितला होता तिथंच थांबला. वृषालीनं तो पाहिला आणि मुलीपुढं गुडघे टेकून बसली.

"माझं चुकलं, बाळा," ती म्हणाली. "आ कर."

श्रावस्तीनं जरा वेळ तिच्याकडं पाहिलं. मग आ केला. वृषालीनं वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला.

"काय येतंय?" श्रावस्तीनं विचारलं.

"कोको," आई म्हणाली. "नुसता कोको."