हेलसिंकीच काहून?

माझ्या दोन्ही पोरांचं एकमत झालं, तिथंच मला शंका आली. हरीओम सतरा वर्षांचा, संस्कृती पंधराची. दह्यावरच्या सायीसाठी भांडणारी आणि पंखा दोनवर की तीनवर, यावरून दोन दोन दिवस अबोला धरणारी ही पोरं. त्या सोमवारी मी बियाणं कंपनीचं पत्र वाचून दाखवलं, तर दोघं एका दमात म्हणाली, "हेलसिंकी."

अकोल्याकडच्या मालेगावात माझं कृषी केंद्र आहे. गेल्या हंगामात बियाणं चांगलं खपवलं म्हणून कंपनीनं आम्हा चौघांना युरोपची सहल दिली होती. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, चार रात्री, एकच शहर. पत्रात पाच नावं होती, पॅरिस, रोम, बार्सिलोना, प्राग आणि सगळ्यात खाली हे हेलसिंकी. कोणतं ते शनिवारपर्यंत कळवायचं होतं.

"पॅरिसले काय झालं?" मी म्हटलं. "सारं जग पॅरिसले जाते."

"पॅरिस रात्री पाहाचं शहर आहे, बाबा," संस्कृती बोलून गेली, आणि हरीओमनं तिला कोपर मारलं. मी पाहिलं. मी पाहिलं नाही असं त्याला वाटलं.

"हेलसिंकीत गर्दी नाई," तो घाईनं म्हणाला. "ट्राम आहे. म्युझियमं आहेत."

म्युझियमं! नागपूरच्या अजबखान्यात पंधरा मिनिटांत "झालं का, चला" म्हणून माझं डोकं खाणारा हाच पोरगा.

मी स्वभावानं संशयी आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. बियाण्याचा धंदा विश्वासावर करणारा माणूस बुडतो. पिशवीवर काहीही छापलेलं असो, मी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि वाट पाहतो. सत्तर उगवले तर माल विकायचा, नाहीतर परत पाठवायचा. तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. पोरांच्या बाबतीतही मी तेच ठरवलं. गप्प राहून काय उगवतं ते पाहायचं.

आता माझंही सांगतो, म्हणजे मी धुतल्या तांदळाचा आहे असं कोणाला वाटायला नको. मला दिवस मावळल्यावर दिसत नाही. अगदीच नाही असं नाही, दिव्याखाली चालतं, पण अंगणात, रस्त्यावर, मांडवात अंधार पडला की माझ्यापुढं काळं कांबळं धरल्यासारखं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, वाढत जाईल, औषध नाही. मी कोणाला बोललो नाही; तपासणीला अकोल्याला जायचो तेही खताच्या मीटिंगचं सांगून. तुळसाला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा नाही. गिऱ्हाईक माझ्याकडं येतं ते माझ्या नजरेवर. इंद्रभान भाऊंनी दाणा पाहिला ना, मग झालं, असं म्हणतात लोक. त्याच लोकांनी "बिचारा इंद्रभान" म्हणावं, हे मला सहन होणार नव्हतं. आणि घरात कळलं असतं तर हरीओमनं पुस्तकं गुंडाळून माझ्या गल्ल्यावर येऊन बसायला वेळ लावला नसता.

म्हणून मी एक युक्ती काढली होती. आमच्या जवळच शिरपूर आहे, जैनांचं मोठं तीर्थ. तिथल्या व्यापाऱ्यांशी माझी ऊठबस. त्यांचं पाहून मीही सूर्यास्ताआधी जेवायला लागलो, असं मी सगळ्यांना सांगितलं. सहाला दुकान बंद, साडेसहाच्या आत ताट पुसून मोकळा. मग अंधारात बाहेर पडायचा प्रश्नच नाही. पचनाला बरं असतं, असंही वर सांगायचो. पण परक्या शहरात चार संध्याकाळी कुठं लपणार? सहल कोणतीही निघो, माझं बिंग फुटणार होतं, आणि त्यात ही पोरं भलत्याच गावाचं नाव घेऊन बसली होती.

मंगळवारी खताच्या गाडीबरोबर जगदेव आला. माझा जुना दोस्त, त्याला जगाची खबर असते.

"हेलसिंकीत आपल्याकडचं कोनी आहे काय गा?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अमरसिंग मास्तरचा भाचा तिकडंच कुठीतरी शिकून राह्यला ना. काहून?"

"काही नाई."

अमरसिंग मास्तर संस्कृतीची शिकवणी घ्यायचे. भाचा दिवाळीत त्यांच्याकडं आला होता, लांब केसांचा. माझ्या डोक्यात सगळं चटचट जुळत गेलं.

मग मला आधीच्याही गोष्टी आठवायला लागल्या. हरीओम वर्षभर पांढरेच शर्ट का घालतो? रोज सहाला दुकानावर येतो आणि घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढं चालतो. बापाबरोबर चालायची लाज वाटते वाटतं! आणि संस्कृतीनं दिवाळीत घराच्या पायऱ्यांच्या कडांना, अंगणातल्या नालीच्या काठाला मोटारसायकलीला लावतात ते रेडियम चिकटवलं होतं. मी ओरडलो, हे घर आहे का ट्रकचा मागचा फाळका? तर म्हणाली, फॅशन आहे. संध्याकाळी अंगणात निघाली की मोबाईलची बत्ती कायम चालू. कोणाला इशारा देते कोण जाणे.

गुरुवारी ती मैत्रिणीकडं गेली असताना मी तिची वही उघडली. बापानं असं करू नये, मला कळतं. तरी उघडली. शेवटच्या पानावर पाचही शहरांची नावं होती आणि प्रत्येकापुढं एक वेळ. रोम साडेआठ. प्राग नऊ. बार्सिलोना नऊ दहा. पॅरिस नऊ चाळीस. हेलसिंकी दहा वीस, आणि त्याभोवती दोनदा गोल काढलेला.

फोनच्या वेळा. दुसरं काय असणार? मला इतका राग आला की वही फाडून टाकावीशी वाटली. रागाहून जास्त भीती वाटली, हेही खरं. पोरगी हातची जात होती आणि भाऊ तिला साथ देत होता.

शुक्रवारी मी डाव टाकला. साडेपाचला, नेहमीपेक्षा लवकर घरी आलो. चौघं जेवायला बसलो. तुळसानं भाकरी वाढली. मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, "पॅरिस. मी कळवून टाकलं."

मी काही कळवलं नव्हतं. मला त्यांची तोंडं पाहायची होती.

संस्कृतीच्या हातातली भाकरी ताटात पडली. हरीओम उठून उभा राहिला. "बाबा, फोन लावा त्याइले. बदलून घ्या. आत्ताच्या आत्ता."

"काहून? कोन उभं आहे हेलसिंकीत वाट पाहत?" मी वही पुढं आपटली. "हे दहा वीस काय आहे? कोनाचा फोन येते? त्या मास्तरच्या भाच्याचा?"

संस्कृती वहीकडं पाहत राहिली. मग तिला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरले. "तो पोलंडात आहे, बाबा. अन् हे फोनचे टाइम नाई. सूर्य मावळाचे टाइम आहेत."

मी वही ओढून घेतली आणि ते दहा वीस पुन्हा वाचलं.

"हेलसिंकीत मे महिन्यात दहा वीसले मावळते," ती खाली मान घालून म्हणाली. "त्याच्यानंतरही तासभर उजेड राह्यते. मंग तुमाले हॉटेलात एकट्यानं बसा लागणार नाई. आमच्यासंगं फिरता येईन."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"आमाले माहीत आहे," हरीओम म्हणाला. "शिरपूरच्या लग्नापासून. तुमी मांडवाच्या खांबाले रामराम केला होता."

केला होता. मला वाटलं होतं कोणी पाहिलं नाही. त्या लग्नाला वर्ष झालं होतं, म्हणजे पांढऱ्या शर्टांनाही वर्ष झालं होतं. पोरगा चार पावलं पुढं चालत होता तो वाटेत अंधारून आलंच तर मला तेवढं एक पांढरं दिसावं म्हणून. आणि मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं! मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"काय माहीत आहे?" तुळसानं विचारलं. ती वरणाची पळी हातात धरून तशीच बसली होती. "मले कोनी सांगन काय?"

पोरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांनी माझं गुपित आईपासूनही राखलं होतं.

मी सांगितलं. अकोला, डॉक्टर, पडदा, सगळं. शेवटी ती म्हणाली, "दीड वर्ष तुमी अकोल्याले जाऊन राह्यले, सांगून जात खताच्या मीटिंगले. मी काय काय समजली असीन, ते एकदा तरी मनात आलं काय तुमच्या? माह्या जिवाले घोर लावला तुमी." आणि पळी ठेवून आत निघून गेली.

तिच्यामागं जायला मी उठलोच नाही. आम्ही तिघं अंधारून येईस्तोवर तसेच ताटावर बसलो. सूर्य केव्हाच मावळला होता, आणि माझं ताट दीड वर्षात पहिल्यांदा अर्धं भरलेलं राहिलं. खरकटा हात धुवायचा तर नळ अंगणात. मी दारापर्यंत गेलो. पुढं काहीच नव्हतं, नुसता काळोख. रोज मी या वेळेला खाटेवर बसून पोरांना पाणी आणून द्यायला सांगायचो, पाय दुखतात म्हणून.

"हरीओम," मी म्हणालो. "मले दिसून नाई राह्यलं. हात दे."

मागून पावलं आली. माझ्या हातात हात आला, त्यात बांगड्या होत्या.

"पायरी आहे," तुळसा म्हणाली. अजून रागातच होती. "उतरा."