हात दाबला की हो

माझ्या बायकोच्या, मंगलाच्या पायांना सारख्या मुंग्या यायच्या. चालताना चप्पल पायातून निघून जायची, तरी तिला कळायचं नाही. मी चिडवायचो, "सगळ्या लिंबायत वस्तीत चपला वाटत फिर."

डॉक्टरकडे जाताना ती रिक्षात म्हणाली, "टाचणी टोचून बघतात म्हणे. कळलं नाही तर दाखल करतील. आपल्या चंचलचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय. त्यांनी टोचलं की तुम्ही माझा हात दाबा."

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले. मी शेजारी तिचा हात धरून बसलो. ते तळव्याला टोचायचे, मी हात दाबायचो, ती म्हणायची, "हो." त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर येऊन आम्ही दोघं हसलो.

लेकीचं लग्न झालं. चार महिन्यांनी मोठ्या दवाखान्यात कळलं, की पांढऱ्या पेशींचा कॅन्सर तिच्या नसांमध्ये शिरलाय. असं फार क्वचित होतं म्हणाले. "आधी आणलं असतं तर," एवढं बोलून तिथले डॉक्टर थांबले.

ती गेली तेव्हा सवाष्ण म्हणून बायकांनी तिला सजवलं. माझी बहीण चंपा तिच्या पायांत नवी जोडवी घालत होती. बोटं ताठली होती, जोर लावावा लागत होता.

"भाऊ, तिचा हात सोड आता," चंपा म्हणाली.

चंपाने जोर लावला की मी हात दाबत होतो, आणि मंगला हो म्हणत नव्हती.

अजूनही कारखान्यात कापडाच्या लूमवर उभा असताना कधीतरी माझा हात कोणीतरी दाबतं. मी हो म्हणतो.