थिनरचा डबा

गिरीज गावचा प्लासिड सातिवलीच्या कारखान्यात लोखंडी कपाटं रंगवायचा. हातावरचा रंग साबणाने निघत नाही, म्हणून सुटी झाली की सगळे कारागीर रंग पातळ करायच्या थिनरच्या डब्यात हात बुडवायचे. प्लासिडने उभी हयात बुडवले. २००७ साली कळलं, हाडांतल्या मगजात रक्त धड तयार होत नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्याला, बायको हिल्डाला आणि लेक कार्मिनला समोर बसवून सांगितलं. जनुकं शाबूत आहेत, पण काहींना कुलपं लागलीत. बहुतेक त्या थिनरनेच. नवं इंजेक्शन कुलपं उघडतं, पण सावकाश. आधी माणूस आणखी पांढरा पडतो. मध्येच सोडलं तर कुलपं परत लागतात. आणि हे बापाकडून लेकीत उतरत नाही.

हिल्डाने एकच शब्द धरला, जनुकं. म्हणजे खानदान.

कार्मिनचं लग्न त्याच कारखान्यातल्या कॉन्रॅडशी ठरलं होतं. लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. हिल्डाला वाटलं, बापाचं रक्त नासलंय ही हरकतच. फादर हसले असते, पण त्यांना विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. तिने गावभर कावीळ सांगितली.

इंजेक्शनांनी प्लासिड चुन्यासारखा पांढरा पडला. ही कसली कावीळ, लोक विचारू लागले.

कार्मिनच म्हणाली, "पप्पा, लग्न होऊ दे. मग घे ना इंजेक्शनं."

"आणि तोवर मी काय करू?"

"हसत उभा राहा."

इंजेक्शनं थांबली. लग्नात बाप कोट घालून हसत उभा राहिला. मग दवाखान्यात गेले तेव्हा ब्लड कॅन्सर झाला होता. डॉक्टरीणबाई रागावल्यासुद्धा नाहीत. पावसाच्या आत त्याला पुरला.

मयतीला खरा आजार फुटलाच. कार्मिनला तेव्हा दिवस गेले होते. तिच्या पोटाकडे बघत सासू रोज बोलते, आमच्या सोन्यासारख्या घरात नासकं रक्त आणलंस. थिनरचं कार्मिन सासरी कुणालाच बोललेली नाही.

कॉन्रॅड कारखान्यातून थिनरचा डबा घरीही आणतो. आज तो रंगाने हिरव्या झालेल्या हातांनी मोरीवर बसला होता. सासू म्हणाली, "पोर बापावर गेलं म्हणजे झालं. आमच्या रक्तात खोट नाही."

कार्मिनने डबा उचलला आणि नवऱ्याच्या ओंजळीत ओतला.

"पुरे," तो म्हणाला.

"कोपरापर्यंत चोळ," ती म्हणाली आणि ओतत राहिली.