फणसातला श्वास

तंजावूरजवळच्या तिरुवैयारुतल्या आमच्या घरामागचा फणस वादळात उन्मळून पडला, त्याला दोन वर्षं होऊन गेली. अप्पा अजून रोज पहाटे काप्पीचा, म्हणजे कॉफीचा, पेला घेऊन त्या आडव्या खोडाशेजारी खुर्ची टाकून बसतात. ह्याच झाडाखाली अम्मा पोरींना गाणं शिकवायची. आधी अम्मा गेली, वर्षभरात झाड पडलं. लाकूड मागायला आलेल्या प्रत्येकाला अप्पांनी वाटेला लावलं.

मी शांभवी, त्यांची एकुलती एक मुलगी आणि त्यांच्याइतकीच हेकट. पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलात मी झाडं मोजते. कुठल्या खोडात किती कार्बन साठला, किती परत हवेत गेला, हे माझं काम. अलीकडे उन्हाळे असे तापतात की झाडं घेतलेलं बरंच परत देऊन टाकतात. तिथे धुक्यात उभं राहिलं, की सगळं जंगल झोपेत उसासे टाकतंय असं वाटतं, आणि मला भीती वाटते.

म्हणून सुट्टीत घरी येऊन तो ओंडका कुजताना पाहिला, की माझं डोकं फिरायचं. शेवटी एका सकाळी आमच्या घरच्या जुन्या तंजावरी मराठीत मी विषय काढला.

"अप्पा, तंजावूरला देऊन ह्याची वीणा करून घेऊंया. घरांतच ठेवूं."

"नको म्हटलें ना. अम्माचें झाड अहे तें. पडूं दे तसेंच."

"तसंच पडलं तर अम्माच जाईल त्यांतून," मी चिडून म्हणाले.

अप्पांनी पेला खाली ठेवला. मग मला सांगावंच लागलं. झाड हवेतून अंग धरतं. आपण सोडलेला श्वास पानं ओढून घेतात, त्यातला कार्बन लाकूड होऊन बसतो. अम्मा इतकी वर्षं इथे गात होती. तिचा श्वास ह्या खोडात आहे. खोड कुजलं की तो उडून जाणार.

हा अंश मोजायला बसलं तर हाती काही लागणार नाही, इतका थोडा. पण खोटं मी बोलले नव्हते. अप्पा उठले आणि दोन्ही तळहात खोडावर टेकवून उभे राहिले. नारळीतून ऊन हळूहळू खाली उतरत होतं. मग ते म्हणाले, "बरें. पण ह्यांतलें कांहीं बाहेर जाऊं द्यायचें नाहीं."

वाळवीने वरचं पांढरं लाकूड खाल्लं होतं, आतला पिवळा गाभा मात्र शाबूत निघाला. तंजावूरला वीणा घडवणाऱ्या सूर्यनारायण यांच्या पडवीत त्याचं काम सुरू झालं. वीणेचा भोपळा कोरायचा म्हणजे लाकूड आतून काढत जायचं, हे मी अप्पांना सांगायला विसरले होते. छिन्नीच्या घावासरशी पिवळ्या ढलप्या उडू लागल्या, तसा अप्पांचा चेहरा उतरला. ते खाली बसले आणि ढलपी न् ढलपी वेचून पोत्यात भरू लागले. रोज आम्ही बसने जायचो आणि संध्याकाळी पोतं मांडीवर घेऊन परत यायचो. घरात पोत्यांची रांग लागली. सगळं घर फणसाच्या वासाने भरून गेलं, आणि त्या वासात मला अम्माची स्वप्नं पडू लागली. मला अप्पांची फार दया यायची. बसचा कंडक्टर पोतं बघून हसायचा, तेव्हा त्याचा रागही यायचा.

एके दिवशी सूर्यनारायण यांची बायको विशालाक्षी पडवीतल्या चुलीपाशी आली. ओली शेणी पेटेना. अप्पांच्या पोत्याकडे बोट दाखवून तिने तमिळमध्ये विचारलं, "अहो, थोडं जळण देता? चहा टाकते."

अप्पांनी पोत्याचं तोंड आवळून धरलं. दुसरं सरपण आणते म्हणून मी उठणार, तोच त्यांनी माझा हात धरला. ते कोरलेल्या भोपळ्याकडे बघत होते. आत आता नुसती पोकळी होती.

"शांभवी, हें जळलें कीं श्वास कुठें जाईल?"

"हवेत."

"मग?"

"मग कुठलं तरी झाड तो घेईल, अप्पा."

"तुझ्या त्या जंगलांतलें?"

"वर्षभरांत हवा सगळीकडे पोचते. तिथेही जाईल."

तिथली झाडं आता पूर्वीइतकं घेत नाहीत, हे मला माहीत होतं, आणि अप्पांनाही मीच कधीतरी सांगितलं होतं.

"दमलीं अहेत ना तीं?" अप्पा म्हणाले. "मग थोडें गाणें जाऊं दे त्यांच्याकडे."

त्यांनी पोतं सोडलं आणि पहिली मूठ स्वतः चुलीत टाकली. धूर कौलांतून वर गेला. आम्ही दोघं मान वर करून बघत राहिलो, आणि मी रडले. अप्पांनी पोतं विशालाक्षीकडे सरकवलं.

"अजून घाला," ते म्हणाले.